तिसरा पक्षकार

पुण्याच्या पश्चिमेस चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे मागे टाकीत पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घोटवडे फाट्याच्या परिसरात, मुळशी तालुक्यातील मौजे भरे हे गाव आहे. आषाढ लागला, डोंगरांवरून पाण्याच्या धारा उतरू लागल्या आणि खाचरे भरली, की रविवारी सकाळी या वाटेने ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या हौशी छायाचित्रकारांची रीघ लागते. हातात चांगला कॅमेरा, मनात निसर्गाविषयी खरीखुरी ओढ, आणि परत आल्यावर समानशील मित्रांच्या बैठकीत आपली चार चित्रे मांडून त्यांचे मत घ्यावे ही निर्मळ इच्छा, एवढे भांडवल घेऊन ही मंडळी निघतात. ही प्रथा आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी एक होते. तेव्हापासून आजपर्यंत साधने पार पालटली, परंतु स्नेह्याने आपले चित्र पुढे ठेवून "कसे वाटले?" असे विचारले असता उत्तर देणाराचे कर्तव्य कोणते, आणि ते कर्तव्य नेमके कोणाच्या बाबतीतले, हा प्रश्न मात्र जुन्या काळी होता तसाच आजही उभा आहे. तो वरवर पाहता कलेचा आहे. खोलात गेल्यास तो वाणीच्या धर्माचा आहे.

अशा बैठकींत सामान्यतः दोन प्रकारचे अभिप्राय कानी पडतात. पहिला प्रकार "वा! अप्रतिम!" या उद्गारांचा. त्यात स्नेह असतो, पण चित्र पाहण्याचे श्रम घेतलेले नसतात, आणि म्हणून तो उद्गार कोणत्याही चित्राला सारखाच लागू पडतो. दुसरा प्रकार कलमवार फिर्यादीचा: क्षितिज तिरके आहे, आकाश पांढरे पडले आहे, पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस नाही, मागून एक फांदी डोक्यातून उगवल्यासारखी दिसते. यातील प्रत्येक कलम यथार्थ असू शकते. तरीही ती यादी ऐकून उठलेला माणूस पुढच्या रविवारी कॅमेरा घरी ठेवतो, असे घडताना आपण पाहतो. पहिल्याने सत्याचा बळी दिला, दुसऱ्याने माणसाचा.

या पेचाची जाणीव आपल्या पूर्वसूरींना पुरेपूर होती. मनुस्मृतीने सत्य बोलावे, प्रिय बोलावे, अप्रिय असे सत्य बोलू नये आणि प्रिय असे असत्यही बोलू नये, असा चहूबाजूंनी बांध घातला. उलट महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला बजावतो, की गोड बोलणारे हवे तेवढे भेटतात; अप्रिय परंतु पथ्यकर असे बोलणारा दुर्लभ आणि ते ऐकून घेणाराही दुर्लभ. एक वचन अप्रिय सत्याला आवर घालते, दुसरे ते उच्चारणाराला गौरविते. दोन्ही वचने एकाच परंपरेने शिरोधार्य मानली आहेत, आणि धृतराष्ट्राच्या दरबारात विदुराचे बोलणे निष्फळ झाले म्हणून ते बोलावयास नको होते, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

या दोहोंचा समन्वय भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सापडतो. तेथे शारीर, वाङ्मय आणि मानस असे तपाचे तीन प्रकार सांगितले असून, वाणीच्या तपाची लक्षणे सांगताना ऐकणाराला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे भाषण, व त्याच्या जोडीला स्वाध्यायाचा अभ्यास, यांचा उल्लेख आहे. शंकराचार्यांनी भाष्यात यावर मोठी मार्मिक भर घातली आहे. ते म्हणतात, की ही लक्षणे एकत्र असतील तरच ते तप. यांतील एखादेही गळाले, तर उरलेली कितीही उत्कट असोत, त्या बोलण्याला तप म्हणता येणार नाही. केवळ सत्य बोललो म्हणून तपस्वी ठरल्याचे समाधान आचार्य आपल्याला घेऊ देत नाहीत. आणि उदाहरण म्हणून ते जे वाक्य देतात, त्यात गुरू शिष्याला वात्सल्याने हाक मारून शांत राहण्यास, स्वाध्याय आणि योग करण्यास सांगतो आणि त्यात तुझे कल्याण आहे असे म्हणतो. या उदाहरणात शिष्याच्या दोषाचा उच्चारही नाही. पुढे काय करावे याचा मार्ग आहे. ज्याला मित्राच्या चित्रावर काही बोलावयाचे आहे, त्याने हे उदाहरण मनाशी बाळगावे. "आकाश पांढरे पडले" हे वाक्य सत्यापाशी थांबते. "हाच धबधबा सूर्य डोंगराआड असताना, तासभर आधी, घेऊन पाहा" हे वाक्य सत्यातून हिताकडे जाते.

परंतु हित कोणाचे? येथे विचाराची खरी गाठ आहे. चित्रकार आणि समीक्षक असे दोनच पक्ष आहेत असे आपण गृहीत धरतो, आणि मग एकाचा मान आणि दुसऱ्याची सचोटी यांत तडजोड कशी घालावी या विवंचनेत पडतो. वस्तुतः निसर्गाच्या आणि प्रवासाच्या प्रत्येक छायाचित्रात एक तिसरा पक्षकार हजर असतो, ज्याने कोणाला वकीलपत्र दिलेले नाही आणि ज्याची साक्ष कोणी घेतलेली नाही. तो पक्षी, ते रानफूल, ती लावणी करणारी बाई, तो जलाशय. चित्र त्याचे आहे, आणि बैठकीत बोलण्याचा अधिकार तेवढा त्याला नाही. माझी धारणा अशी आहे, की मित्राच्या चित्रावर अभिप्राय देणे म्हणजे मुख्यतः या गैरहजर पक्षकाराच्या वतीने बोलणे होय. आणि एकदा ही भूमिका पतकरली, की सत्य आणि प्रिय यांचा पेच पुष्कळसा सुटतो, कारण मग समीक्षक चित्रकाराच्या समोर उभा राहत नाही, तो त्याच्या शेजारी उभा राहतो आणि दोघे मिळून त्या तिसऱ्याकडे पाहू लागतात.

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्णाने अर्जुनाला सांगितलेली कौशिक ब्राह्मणाची कथा या संदर्भात वारंवार आठवते. सदैव सत्यच बोलेन असे व्रत घेतलेल्या या तपस्व्याच्या आश्रमाजवळच्या वनात दस्यूंच्या भयाने काही माणसे लपली. मागून दस्यू आले आणि ती माणसे कोठे गेली असे त्यांनी कौशिकाला विचारले. त्याने व्रताला जागून जागा दाखविली. माणसे मारली गेली, आणि सत्यवादी कौशिक नरकास गेला. पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यातही हाच निर्वाळा आहे: वाणी सर्व भूतांच्या उपकारासाठी प्रवृत्त झालेली आहे, उपघातासाठी नव्हे, तिच्या योगे भूतांचा घात होत असेल तर ते सत्य नसून पुण्याचा केवळ आभास आहे.

सर्व भूते या शब्दांत पक्षीही येतात. पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणातील रानओढ्यांवर तिबोटी खंड्या विणीसाठी येतो. चिमणीहूनही लहान, निळ्या-जांभळ्या-केशरी रंगांनी झळकणारा हा पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ खोदून अंडी घालतो, आणि पिले झाली की नर-मादी दोघेही खेकडे, सरडे, कीटक आणून त्यांना भरवितात. त्याचे घरटे सापडल्याची वार्ता पसरली, की त्या दरडीसमोर कॅमेऱ्यांची रांग लागते. अशा ठिकाणचे एखादे चित्र बैठकीत येते: चोचीत खेकडा, पिसांवर पावसाचे थेंब, डोळ्यात प्रकाशाचा बिंदू, तांत्रिक दृष्ट्या निर्दोष. येथे "अप्रतिम" म्हणणारा आणि फांदीची तक्रार करणारा दोघेही सारखेच चुकतात, कारण तिसऱ्या पक्षकाराची बाजू दोघांनीही पाहिली नाही. विचारण्याजोगा प्रश्न एवढाच: चोचीत भक्ष्य असताना हा पक्षी बिळात न शिरता फांदीवर का थांबून राहिला? ज्याने पक्ष्यांचा थोडा अभ्यास केला आहे त्याला उत्तर ठाऊक असते. बिळापुढे माणसे आहेत, म्हणून तो आत जावयास धजत नाही, आणि तेवढा वेळ आतील पिले उपाशी आहेत. हा प्रश्न मृदू स्वरात, मित्राला सर्वांसमक्ष खजील न करता विचारला, तर उत्तर त्याचे त्यालाच सुचते. आणि त्या चित्राखाली ओढ्याचे नाव व गावाची खूण लिहिण्याचा आग्रह कोणी धरला, तर त्याला कौशिकाची कथा सांगावी.

तिसऱ्या पक्षकाराचा दुसरा हक्क असा, की त्याच्याविषयी खोटी साक्ष दिली जाऊ नये. मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी येथील रानांत काजव्यांचा मेळा भरतो, आणि तेथून येणाऱ्या चित्रांत सबंध झाडे सहस्र दीपांनी ओथंबलेली दिसतात. ही चित्रे बहुधा कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून, दीर्घ काळ घेतलेल्या अनेक छबी एकीवर एक रचून सिद्ध होतात; म्हणजे अर्धा-पाऊण तासातील सर्व लुकलुक एका क्षणात गोळा केलेली असते. असे करणे हे पाप नव्हे. काळ एकवटून दाखविणे ही छायाचित्राची एक न्याय्य शक्ती आहे. परंतु ते तसे आहे हे सांगितले नाही, तर ते चित्र पाहून रानात आलेला माणूस खऱ्या काजव्यांना, त्यांच्या विरळ आणि थांबून थांबून येणाऱ्या प्रकाशाला, उणे लेखून परततो, आणि हा अन्याय काजव्यांवर होतो. आंतरराष्ट्रीय छायाचित्र-महासंघ, अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी आणि इंग्लंडची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या तीन संस्थांनी २०१४ साली निसर्गछायाचित्राची एक समान व्याख्या मान्य केली. चित्रातील काही काढू नये, काही घालू नये, काही हलवू नये, हे तिचे सार. मला ती नियमावली एका जुन्या व्रताची आधुनिक भाषेतील पुनरुक्ती वाटते. २००९ च्या ब्रिटिश वन्यजीव-छायाचित्र स्पर्धेत कुंपणावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला पहिला मान मिळाला, आणि तो लांडगा बहुधा माणसाळविलेला होता अशी परीक्षकांची खात्री पटल्यावर २०१० च्या जानेवारीत तो मान काढून घेण्यात आला. चित्र तेच राहिले, त्याची रचना, प्रकाश, क्षण सारे तेच राहिले. त्यातील साक्ष तेवढी खोटी ठरली, आणि तेवढ्याने सर्व गेले.

आता साक्ष खरी की खोटी, हे ठरवावयाचे कोणी? भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचे विवेचन करताना प्राश्निकांची, म्हणजे परीक्षकांची, योजना सांगितली आहे, आणि तिच्यातील औदार्य आजही थक्क करते. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञवेत्ता, नृत्य असेल तर नर्तक, छंदांसाठी छंदोविद, शस्त्रांसाठी धनुर्धर, इतकेच नव्हे तर गणिकेची भूमिका असेल तेथे प्रत्यक्ष गणिका, असे ज्या त्या विषयाचे जाणते बोलवावेत, असे भरत सांगतो. रंगमंचावर जे जीवन दाखविले जाते, ते जीवन जगणाराला मत देण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व यात गर्भित आहे.

हे तत्त्व लावून पाहावयाचे, तर भरे गावासारख्या ठिकाणी घेतलेल्या भातलावणीच्या चित्राचे प्राश्निक शहरातील कॅमेरापंडित होऊ शकत नाहीत. ते पद त्या गावच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याचे आहे. हा मुलूख आंबेमोहोराचा. येथे उन्हाळ्यात राब भाजून रोपांची जागा तयार करतात, पाऊस पडल्यावर तीन-चार आठवड्यांचे रोप उपटून त्याच्या जुड्या बांधतात, खाचरात चिखलणी होते, आणि मग बायका-माणसे कमरेत वाकून, एकेक पाऊल मागे सरत, ते रोप लावीत जातात. शहरातून आलेल्या हौशी माणसाने या वेळी बांधावरून घेतलेल्या चित्रात एक बाई रोपांची जुडी उंच धरून हसत कॅमेऱ्याकडे पाहत आहे असे समजा. मंडळींना रंगसंगती आवडेल. शेतकरी मात्र पाहील, की बाईच्या लुगड्याचा काठ कोरडा आहे, जुडी अजून सोडलेली नाही, आणि तिच्या मागील चिखलात ओळ लावल्याची खूणही नाही. तो बोलेल, "ही लावणी नव्हं, तुम्ही तिला उभी केलीया." जागतिक संस्थांच्या प्रवासचित्रांच्या नियमांतही हेच आहे, की मुद्दाम घडवून आणलेला किंवा सांगून उभा केलेला प्रसंग ग्राह्य नाही, परंतु तो नियम वाचून जे कळते त्याहून अधिक त्या वृद्धाच्या एका वाक्याने कळेल, कारण त्याच्या वाक्यात नियमभंगाची तक्रार नसून, वाकलेल्या पाठीचे श्रम चित्रातून गळून गेल्याचे दुःख आहे. आपल्या बैठकींना अशी माणसे क्वचितच बोलावली जातात. ती बोलावली जावीत, निदान ज्यांचे चित्र घेतले त्यांना ते दाखविल्याखेरीज ते बैठकीत येऊ नये, असा संकेत पडावा, असे मला मनापासून वाटते.

याच वाटेने पुढे गेले, की मुळशीचा जलाशय लागतो. मुळशी तालुक्यातून परतलेल्या प्रत्येक हौशी माणसाच्या संग्रहात त्याचे एक तरी चित्र असते: शांत पाणी, त्यात उलटे पडलेले डोंगर, वर ढगांची गर्दी. चित्र सुंदर असते आणि खोटेही नसते. तरीही जाणत्या समीक्षकाने एका गोष्टीचे स्मरण द्यावे. टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या धरणाने हे पाणी अडविले, ते पश्चिमेस सह्याद्रीखाली भिरा येथे उतरवून १९२७ पासून वीज निर्माण होऊ लागली, आणि त्या पाण्याखाली मावळ्यांच्या कित्येक गावांची शेते व घरे गेली. ती वाचविण्यासाठी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, येथे सत्याग्रह आरंभला गेला, आणि त्याच्या धुरीणत्वामुळे पांडुरंग महादेव बापट हे सेनापती बापट म्हणून ओळखले जाऊ लागले. हे सांगितल्याने मित्राचे चित्र वाईट ठरत नाही. परंतु हे कळलेला माणूस पुढच्या खेपेस त्या पाण्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. कदाचित उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काठाशी काय दिसते हे शोधीत जातो, कदाचित त्या सुंदर प्रतिबिंबाचेच चित्र घेतो, पण जाणून घेतो. रचनेचा दोष दाखविणारा समीक्षक चित्र सुधारतो. पाहण्याचा विषय खोल करणारा समीक्षक चित्रकार घडवितो. मला दुसऱ्याचे महत्त्व अधिक वाटते, कारण तांत्रिक दोष सरावाने आपोआप कमी होतात, उथळ दृष्टी मात्र सरावाने अधिकच पक्की होते.

राहिला प्रश्न रीतीचा. व्यासभाष्याने वाणीचे तीन दोष मोजले आहेत: ती वंचना करणारी असू नये, भ्रांत असू नये, आणि ऐकणाराला बोध न करणारी असू नये. हौशी मंडळींच्या समीक्षेला हे तिन्ही निकष जसेच्या तसे लागू पडतात. खोटी स्तुती ही वंचना आहे. पक्ष्याची जात, फुलांचा हंगाम, गावाची रीत ठाऊक नसता ठामपणे दिलेला निवाडा ही भ्रांती आहे. आणि नवशिक्याला न कळणाऱ्या तांत्रिक परिभाषेचा भडिमार ही बोधशून्य वाणी आहे, मग तीतील अक्षर न् अक्षर खरे का असेना. बौद्धांच्या पाली वाङ्मयात अभय राजकुमाराशी झालेल्या संवादात तथागतांनी याला चौथी अट जोडली: जे खरे आहे, हितकर आहे, परंतु ऐकणाराला अप्रिय आहे, ते बोलण्याची वेळ तथागत जाणतो. ज्याने पहाटे चारला उठून, पावसात भिजून, जन्मातले पहिले धनेशाचे चित्र आणले आहे, त्याच्या आनंदाचा पहिला तास हा दोषदर्शनाचा मुहूर्त नव्हे. एका वेळी एकच गोष्ट सांगावी, ती पुढच्या रविवारी करता येण्याजोगी असावी, आणि सांगण्यापूर्वी चित्रकाराला काय दाखवावयाचे होते हे त्याच्या तोंडून ऐकून घ्यावे. एवढे पथ्य पाळले तर अप्रिय सत्यही उद्वेग देत नाही. विदुराने दुर्लभ म्हटलेल्या श्रोत्याचाही वाटा यात आहे. ज्याने चित्र मांडले त्याने उत्तरादाखल सबबींचा जबाब देण्याची घाई न करता, सांगितलेली गोष्ट आपल्या चित्रात दिसते का, हे आधी निवांतपणे पाहावे.

कोणी म्हणेल, की ही सारी करमणुकीची गोष्ट; रविवारच्या विरंगुळ्यावर शास्त्रांचा आणि धर्माधर्माचा भार कशाला? या आक्षेपात तथ्य असते, जर ते चित्र घेणाराच्या घरातच राहिले असते आणि त्यात दुसरे कोणी नसते. परंतु घरट्यापाशी गर्दी करणारे हौशीच असतात, कासच्या पठारावर फुलांच्या गालिच्यात गुडघे टेकणारे हौशीच असतात, आणि शेतात राबणाऱ्या बाईला हसावयास लावणारेही हौशीच असतात. व्यावसायिकाला त्याच्या धंद्याचे काही कायदे बांधतात. हौशी माणसाला बांधणारे दुसरे कोणी नाही, त्याच्या मित्रांचे मत तेवढे आहे. त्या मताला पुरस्कारापेक्षा आणि नियमावलीपेक्षा अधिक वजन आहे, कारण माणूस ज्यांच्यापुढे चित्र मांडणार, त्यांच्या डोळ्यांनीच तो रानात पाहू लागतो. एखाद्या मंडळात रंगाला वाहवा मिळते, तेथे सभासद रंग गडद करतात, जेथे जवळून घेतलेल्या चित्राला मान मिळतो, तेथे ते पक्ष्याच्या अधिकाधिक जवळ जातात, आणि जेथे "तो पक्षी तुला पाहून काय करीत होता?" असे पहिल्याने विचारले जाते, तेथे ते कॅमेरा उचलण्यापूर्वी दोन पावले मागे सरतात. मित्राच्या चित्रावर बोललेला आपला शब्द अशा रीतीने आपण कधी पाहिलेले नाही अशा रानापर्यंत आणि आपल्याला कधी न भेटलेल्या जिवापर्यंत पोहोचतो. म्हणून तो शब्द सत्य असावा, मित्राला सोसेल असा असावा, आणि ज्याला बैठकीत बोलता येत नाही त्याच्या हिताचा असावा. यांतील शेवटच्या अटीवर तडजोड करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.